डावी पिशवी

पहिल्यांदा पडले ती वॉकलीच्या उतारावर.
पिशवीचा एक लोंबता पट्टा
पुढच्या चाकाच्या तारांत गेला
आणि चाकानं तो सुतासारखा गुंडाळून घेतला.
मी हँडलवरून, पुस्तकं माझ्यावरून,
मोठ्या टायपातला एक खून थेट गटारात.

वाचनालयाची व्हॅन मागच्याच वर्षी विकली.
वाचक मात्र तेच,
गुडघे गेलेले, डोळे अर्धे गेलेले,
आणि गोष्टीत पुढे काय झालं
हे कळल्याशिवाय झोप न येणारे.

शेजारच्या शेडमध्ये क्लिफर्ड ऑक्सली.
शेफील्डच्या सुऱ्यांना चाळीस वर्षं धार लावली,
आता दोन बोटं सरळ होत नाहीत.
सायकल उलटी टांगून त्यानं रॅककडे पाहिलं,
एका वैद्यानं दुसऱ्याच्या काढ्याकडे पाहावं तसं.
"पाव आणायला ठीक आहे," म्हणाला.

मग तीन रविवार.
पहिल्या रविवारी नुसतं मोजमाप:
हँडल पूर्ण वळलं की पिशवी कुठे टेकते,
ब्रेकची केबल कुठे घासते.
चहा दोनदा थंड झाला.

दुसऱ्या रविवारी ॲल्युमिनियमची सळई
शिकंजात धरून वाकवली, दमानं.
हा धातू एकदा वाकतो,
दुसऱ्यांदा रुसतो, तिसऱ्यांदा मोडतो.
नथीसारखे दोन अर्धगोल, चाकाच्या दोन्ही अंगांना,
पिशवी कितीही आत झुकली
तरी तारांना शिवू नये म्हणून.
पकडीखाली जुन्या ट्यूबचे तुकडे,
आट्यांवर गोंदाचा थेंब, नटामागे नट.
कडा कानशीनं मारल्या
आणि मला गाल लावून बघायला सांगितल्या.

तिसऱ्या रविवारी सगळं वीतभर खाली आणलं.
"वजन आसाच्या पातळीला हवं.
वर बांधलेलं वजन वाद घालतं."
मी म्हटलं, आमच्याकडे याला कावड म्हणतात.
त्याला 'कॉवर्ड' ऐकू आलं.
"भित्रा कशानं? दोन्हीकडे सारखं घेतो,
शहाणा आहे बिचारा."

तेव्हापासून मी वाचक तोलते,
स्वयंपाकघरातल्या काट्यावर, पीठ झटकून.
डावीकडे ॲस्पिनॉलबाई:
चार खून, एक विषप्रयोग, सगळे पुठ्ठा बांधणीचे.
उजवीकडे ग्रेटोरेक्स बंधूंच्या आगगाड्या
आणि मिस डंगवर्थच्या कविता,
ज्यांचं वजन काट्याला कळतच नाही.
कमी पडलं तर कुणाला न मागता एखादा शब्दकोश.
सहा किलो इकडे, सहा तिकडे.
पट्टे खोचायचे, पदर खोचतात तसे,
दोन्ही ब्रेकवर बोटं,
मग उतार.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी
ॲस्पिनॉलबाईंच्या दारात त्यांची मुलगी होती.
तिनं चार पुस्तकं परत दिली.
"पाचवं आईसोबत ठेवलं.
शेवटचं प्रकरण राहिलं होतं तिचं.
दंड होईल का?"
मी म्हटलं, नाही.
वाचनालयात काय सांगायचं ते नंतर बघू.

पुढच्या मंगळवारी यादीप्रमाणे भरलं,
काट्याकडे न बघता.
चर्चच्या वळणावर हँडल उजवीकडे ओढायला लागलं,
बाजारात बोट धरलेलं मूल ओढतं तसं,
हळू, पण हट्टानं.
उतरले. नट हलवून पाहिले.
सळई जागेवर, पट्टे खोचलेले,
कुठे काही सैल नव्हतं.

क्लिफर्ड म्हणाला, डावीकडे पान्हा टाक, पाइपाचा,
नाहीतर उजवीकडचं कमी कर.
उजवीकडचं कमी करायला
मी कुणाचं दार चुकवू?

पान्हा टाकला.
अजून दोनशे ग्रॅम कमी भरतात.
भरता आले असते, एक साबणाची वडी पुरली असती.
हँडल थोडं ओढतं.
उतारावर मी थोडं धरून ठेवते.